शालूचा पदर

जाऊबाई,

बालवाडीत ठाकर, कातकरी, कुणबी अशा सगळ्या पोरांसारख्या बाहुल्या हव्यात, म्हणून मी शिवते. त्यातली ठाकराची तुमी काल चुलीत घातली. "असली काळी माझ्या मनस्वीच्या हातात नको," म्हणालात.

आज सकाळी नवी शिवली, पहिलीपेक्षा काळी. लुगड्याला तुमच्या लग्नातल्या शालूचा पदर कापलाय, पेटीत शोधू नका. काचेच्या कपाटातला तुमचा गोरा बाहुलाही नेलाय. दुपारी बालवाडीत दोघांचं लग्न लावतोय. मनस्वी करवली म्हणून नटून गेलीय.

भात झाकून ठेवलाय.

संध्याकाळी नवरी घेऊन येते. सगळी ठाकरवाडी वरातीत आहे. उंबऱ्यावर माप भरून ठेवा, वरमाय तुमीच आहात.

भाग्यश्री