कावीळ उतरवणाऱ्याची कावीळ

नाना, तुम्ही गेल्यावरही बेलवलीच्या आपल्या घरी लोक कावीळ उतरवून घ्यायला येत राहिले. तुम्ही दिलेला मंत्र पुटपुटत मी त्यांचे हात चुन्याच्या निवळीत धुतो, पाणी पिवळे होते, ते नमस्कार करून जातात. यंदा कावीळ माझ्याच डोळ्यांत उतरली. खडे झाले म्हणून उल्हासनगरच्या एका दवाखान्यात दुर्बिणीतून माझे पित्ताशय काढले होते. बारीक छेद, लगेच घरी. थोड्याच दिवसांत अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली. सूनबाई म्हणाली, "बाबा, डॉक्टरांना फोन लावू?" मी म्हटले, "घरात उतारा असताना?"

स्वतःची कावीळ स्वतः उतरवू नये, हा तुमचा दंडक. म्हणून मुलाला समोर बसवले. मंत्र मी मनात म्हटला, माझे हात त्याने धुतले. पाणी पिवळे झाले आणि मी निश्चिंतपणे संध्येला बसलो. दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला, बरगडीखाली कळ येऊ लागली. सूनबाईने रिक्षाच दारात आणली. "उरलेला मंत्र आता रिक्षात म्हणा!"

डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले. "काका, पाणी झालं पिवळं, पण खडा पित्ताच्या नळीतच बसलाय. अजून थांबला असतात, तर जिवावर बेतलं असतं." तोंडावाटे दुर्बीण घालून त्यांनी खडा काढला. देह हे क्षेत्र आणि आपण त्याचे जाणते, असे तुम्ही शिकवलेत. माझ्या क्षेत्रात खडा अडकला होता आणि जाणत्याला पत्ता नव्हता.

आता येणाऱ्याला मी आधी रक्त तपासून यायला सांगतो. शिरगावची एक बाई रागावली, "नानांनी असं कधी परत पाठवलं नसतं." खरे आहे. जे बरे झाले, ते नारळ घेऊन येत. जे आलेच नाहीत, त्यांची चौकशी तुम्ही केली नाहीत, मीही नाही.

मुलाचे निदान वेगळेच आहे. "मंत्र तुमचा, हात माझे, म्हणून गुण आला नाही. मलाच मंत्र द्या." तो ग्रहणातच द्यायचा असतो, हे त्याला ठाऊक आहे. एमआयडीसीतली पाळी बदलून तो ग्रहणाच्या दिवशी स्नान करून माझ्यापुढे बसला. यंदाचा योग तुझ्या राशीला अनुकूल नाही, असे मी त्याला सांगितले. नाना, हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून लिहितो: पंचांग मी उघडलेही नव्हते.