डासांची दाई

२ मार्च

आले एकदाची! बॅग खाली ठेवायच्या आत ठकीने माझा ताबा घेतला. ठकी म्हणजे ताईची लेक, दोन वर्षांची. 'मावशी' तिच्या जिभेला जड जातं, म्हणून मी तिची 'माऊ'. भाऊजी बोटीवर नोकरीला, घरी येतील ते वर्षअखेरीला. माझ्या येण्याने ताईला सोबत झाली. तिने मला गच्चीलगतची खोली दिलीय. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा सारून झाला. झकास!

नोकरीचं कळलं तेव्हा आईने कपाळावर हात मारला होता. एवढं प्राणिशास्त्र शिकलीस ते डासांची दाई व्हायला, म्हणाली. तिचंही खरंच आहे म्हणा. तापाच्या रोगांवर औषधं शोधणाऱ्या संस्थेत डास वाढवायचे, हेच माझं काम.

४ मार्च

कीटकघराला दोन दारं. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आत उबट, दमट हवा आणि न वाळलेल्या टॉवेलसारखा वास. एका भिंतीला पांढऱ्या थाळ्या, त्यांत अळ्या वळवळतात. दुसरीला जाळीचे पिंजरे.

मुख्य शास्त्रज्ञांना इथे सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. त्यांनी हसतखेळत समजावलं. नर बिचारा साखरपाण्यावर जगतो. रक्त लागतं ते मादीला, अंडी भरण्यासाठी. तिचे डोहाळेच समजा, म्हणाल्या. श्वास, घाम, अंगाची ऊब यांवरून ती माणसाचा माग काढते. आणि आमच्याकडच्या जातीचे नखरे असे, की पिशवीतल्या रक्ताला ती तोंड लावत नाही. जिवंत हात लागतो.

तो हात आजवर आबांचा. साठीला टेकलेले, वाळक्या शेंगेसारखे, इथले सर्वांत जुने. भाऊ तापाने गेला म्हणून ते नदीपलीकडे गावी होते, कालच परतले. माझ्याकडे बघून म्हणाले, पोरी, लग्न झालं नसेल तर सांभाळ, एकदा या सवती जडल्या की सुटत नाहीत.

७ मार्च

आज पहिल्यांदा मी हात दिला. पिंजऱ्याला कापडाची बाही असते, तिच्यातून हात आत घालून बसायचं. आधी काहीच होत नाही. मग एक येऊन बसते, सोंड टेकवते, आणि गंमत म्हणजे टोचल्याचं कळतसुद्धा नाही. ती आधी आपली लाळ सोडते. बघता बघता पोट फुगून लाल मणी होतो. पोट भरलं की जड होऊन कशीबशी भिंतीवर जाऊन बसते. जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यांसारख्या सगळ्याजणी ओळीने.

भीती वाटली का, असं बाईंनी विचारलं. खाज सुटली, म्हटलं. इथले डास पिढ्यान्‌पिढ्या इथेच जन्मलेले, स्वच्छ. रोगाचा प्रश्नच नाही, हे त्यांनी पुन्हा सांगितलं.

घरी ठकीने हातावरचे फोड मोजायचा प्रयत्न केला. तिला दोनच्या पुढे येत नाही, म्हणून सगळे दोनच.

१९ मार्च

आबा आले नाहीत. अंगात कसकस आहे, असा निरोप. त्यांचा पिंजरा माझ्याकडे आला.

काहीतरी वेगळं वाटलं. माझ्या पिंजऱ्यातल्या एकदा बसल्या की पिऊन उठतात. आबांच्या बसतात, टोचतात, उठतात, पुन्हा दुसरीकडे टोचतात. पोटं काही भरत नाहीत. हात बाहेर काढला तर नुसती चाळण. आबांच्या हाताची सवय म्हणून माझा पसंत नसेल, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं.

२१ मार्च

तेच पुन्हा. आज बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. किती वेळा हात दिला, ते विचारलं. पिंजऱ्यातून नळीने दोन माद्या ओढून घेतल्या आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मग मला बसवलं आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, निरोगी मादी पोटभर पिऊन गप्प बसते. पण तिच्या लाळेत रोग पिकला की तिला धड पिता येत नाही, भूक मिटत नाही, म्हणून ती टोचतच सुटते. ह्याला टोच, त्याला टोच. रोगाला तेच हवं असतं.

आबा गावाहून आले तेच ताप घेऊन. काम जाईल म्हणून बोलले नाहीत. तापल्या अंगाने हात देत राहिले, आणि डास ते प्यायले.

आणि मग मी हात दिला.

२७ मार्च

त्या पिंजऱ्यातल्या सगळ्या गोठवून मारून टाकल्या. रोज माझं रक्त काढतात. रोज काहीच सापडत नाही. बाई सांगतात, घाबरू नकोस.

आबा आज सकाळी गेले. त्यांच्यावर कुठल्याच औषधाची मात्रा चालली नाही. त्यांच्या रक्तात जे दिसलं ते बाईंच्या ओळखीचं नाही. त्यांच्या बायकोने मला विचारलं, तूच का ती नवी पोर, हे फार कौतुक करायचे.

ताईला काही सांगितलेलं नाही. सांगू तरी काय? मला तर ताप नाही.

३१ मार्च

ताई खुशीत आहे. ठकीचे गाल कितीतरी दिवसांनी गुळगुळीत आहेत म्हणे, एक फोड नाही. संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसतो तेव्हा सगळे डास माझ्याच पायांवर. तुझं रक्त गोड गं बाई, कायमची राहा इथेच, माझ्या लेकीची सुटका झाली, म्हणाली. मीही हसले.

अंग जरा मोडून आल्यासारखं आहे.

२ एप्रिल

थाळ्यांना पाणी घालत होते. बाईंनी मागून हाक मारली आणि हलू नकोस म्हणाल्या. मग म्हणाल्या, आता डावीकडे जा.

मी गेले. सगळ्या पिंजऱ्यांतल्या सगळ्याजणी जाळीच्या डाव्या अंगाला आल्या. उजवीकडे गेले. उजवीकडे. बाई मध्येच उभ्या होत्या, त्यांच्याकडे कोणी फिरकलं नाही.

एका पिंजऱ्यात दोघींनी हात घातले, शेजारी शेजारी. माझा काळा झाला. त्यांच्या हातावर एकही नाही.

बाईंनी हात बाहेर काढला आणि खुर्चीवर बसल्या. रक्तात रोग दडून असला, तपासणीत दिसला नाही, तरी डासांना कळतं. रोगच माणसाच्या अंगाला तसा वास आणतो. स्वतःकडे बोलावून घेतो त्यांना.

मी विचारलं, माझं रक्त पिऊन ते पुढे कुठे जातात?

आठ-दहा दिवस स्वस्थ बसतात, म्हणाल्या. रोग पिकेपर्यंत.

मग?

त्या उठून पिंजऱ्यांच्या बाह्या बांधायला लागल्या. गच्चीवर किती दिवस बसले मी? ठकी माझ्या मांडीवर असायची.

३ एप्रिल

घरी गेले नाही. संस्थेच्या आवारातल्या बंद खोलीत राहतेय, खिडकीला दुहेरी जाळी. ताईला फोनवर सगळं सांगितलं. आधी रडली, मग तोंडाला येईल ते बोलली. बोलू दे. घर सोड म्हटलं, ठकीला घेऊन आईकडे जा. फवारणीवाले येऊन गेलेत म्हणे, मच्छरदाणी लावलीय, ठकी ठणठणीत आहे. आणि तुला असं एकटं टाकून जाऊ का, म्हणाली.

जा ना गं. जा.

९ एप्रिल

ताप. गोळ्या बदलल्या. उपयोग नाही. बाई दाराबाहेरून बोलतात, आत येताना अंगभर झाकून येतात.

संध्याकाळी खिडकीची जाळी काळी होते. बाहेरून येऊन बसतात. उडत नाहीत. सोंडा आत करून नुसत्या बसलेल्या. बाजूच्या खोलीत चौकीदार झोपतो, त्याच्या खिडकीवर एकही नाही.

१२ एप्रिल

ताप उतरत नाही. लिहिलं की बरं वाटतं, म्हणून.

जाळीचा आवाज येतो आता. इतक्या आहेत. मी कूस बदलली की सरकतात.

ताईचा फोन. ठकी माऊ माऊ करते. लांबून दाखवते म्हणाली. नको म्हटलं. ओरडून — नको —

१४ एप्रिल

ऊन उतरतंय. फाटकाचा आवाज. ताई आलीय. आवारातून चालत येतेय, ठकी कडेवर. चौकीदाराने का सोडलं? बाई कुठे आहेत —

हाक मारली, परत जा म्हणून. तिच्यापर्यंत पोचत नाही. ताई हात हलवतेय. सांगतेय, दुपारपासून किरकिर चाललीय गं हिची, खात नाही, तुला बघून तरी हसेल म्हणून —

ठकी हसत नाही. मान टाकलीय ताईच्या खांद्यावर.

जाळी — जाळीवरच्या उठल्या. सगळ्या. खिडकी स्वच्छ दिसतेय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आकाश —

मला सोडून चालल्या. ताईकडे वळल्या, नाही, ताईकडे नाही, तिच्या कडेवर —