बॅग कासाला, मी फेसमध्ये

कासाब्लांका, मोरोक्को
शनिवार, १५ जानेवारी १९९४

आदरणीय पुंडलिकदाजी आणि लीलाक्का,
साहेबरावाचा सातासमुद्रापलीकडून जयभीम.

फेस गाव ते कासाब्लांका शहर हे अंतर तीनशे किलोमीटर. म्हणजे आपल्या औरंगाबादेहून नांदेड गाठायचं आणि वर थोडं. त्यासाठी मला आलेला खर्च असा : गाडीभाडं दोनदा, विमानाचं तिकीट एक (फुकट गेलेलं), घसा बसला तो वेगळा, आणि चौदा जानेवारी. पहिल्या दोन रकमा कारखान्याच्या वहीत जातील, घसा मिठाच्या पाण्यानं सुटेल. चौथ्या रकमेला कुठल्याच वहीत खातं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

दाजी, तुमचा गुडघा कसा आहे? अक्काची साखर? देवगाव रंगारीत थंडी पडली असेल, सकाळी शाळेच्या सवयीनं उठून ओट्यावर बसू नका, आता तुम्ही रिटायर हेडमास्तर आहात, हजेरी घ्यायला कुणी येत नाही. आणि मुख्य म्हणजे गावात शांतता आहे ना? विद्यापीठाचं नाव वाढलं म्हणून कुणी आपल्या वस्तीवर दगड तर नाही ना टाकला? अठ्ठ्याहत्तर साल आपण पाहिलंय, म्हणून आनंदाच्या बातमीतसुद्धा आधी हेच विचारावंसं वाटतं. (अक्काला हे पत्र वाचून दाखवाल तर माझ्या सहीपर्यंतच वाचा. खालचा मजकूर पुरुषांच्या कामाचा आहे असं सांगा. ती मानणार नाही, पण सांगा.)

तुम्हाला ठाऊकच आहे की चिकलठाण्याच्या माझ्या शेडमध्ये आपण करडईचं तेल काढायचं जे यंत्र बनवतो, तेच जरा दात बदलून इथल्या एका गिरणीवाल्यानं घेतलं. इथं करडई नाही, ऑलिव्ह नावाचं बोराएवढं कडू फळ असतं, त्याचा चोथा पिळायला. गिरणीवाला इद्रिसभाई माणूस सोन्यासारखा. पण यंत्र बसवायला आठ दिवस म्हणून आलो ते पंचवीस दिवस लागले, कारण चोथा ओला, वीज लहरी आणि जेवण दीड-दीड तास. भाषेची अडचण तुम्ही समजता तेवढी नाही. औरंगाबादेत शहागंजच्या उर्दूत ज्याचे कान तयार झाले त्याला इथं साबुन, कुर्सी, हिसाब, सबर असे ओळखीचे शब्द गर्दीत नातेवाईक भेटावेत तसे भेटतात. उरलेलं हातानं. माझे कान तर तुम्हाला माहीतच आहेत. पलीकडच्या शेडमधलं बेअरिंग गेलेलं मी भिंतीअलीकडून सांगतो.

आठ तारखेला तुम्ही फोनवर कुजबुजलात की चौदाला नक्की होणार, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागणार. त्या रात्री मला झोप आली नाही. दाजी, सोळा वर्षं! नामांतराच्या मोर्चात मी होतो. लाठी माझ्या डाव्या खांद्यानं खाल्ली, अजून पावसाळ्यात पावती दाखवतो. हर्सूलच्या तुरुंगात अकरा दिवस पातळ डाळ प्यालो. आणि बाहेर आल्यावर भर सभेत म्हणालो की ज्या दिवशी पदवीच्या कागदावर बाबासाहेबांचं नाव असेल त्याच दिवशी तो कागद हातात घेईन. तेव्हापासून मी त्या कागदाला शिवलो नाही. माझ्या केबिनमध्ये खुर्चीमागं रिकामी चौकट टांगलेली आहे, काचेसकट. बँकेचे साहेब विचारतात हे काय, मी म्हणतो ही माझी बी.कॉम. बिनपदवीचा माणूस शेड उभी करतो, पण पदवी दारात ठेवून शेड उभी करणारा पंचक्रोशीत मी एकटाच. तर असा माणूस त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटसमोर नको? मी ठरवलं, बाराच्या संध्याकाळचं विमान, तेराला मुंबई, रात्रीची लक्झरी, चौदाला सकाळी औरंगाबाद.

बाराला सकाळी सातला निघालो. इद्रिसभाई स्वतःच्या मोटारीनं सोडतो म्हणत होता. मी नको म्हणालो. (हे वाक्य मी गेले तीन दिवस मनातल्या मनात परत घेतोय.) कारण इथं गावोगाव शेअरच्या गाड्या चालतात, नऊ सीटची व्हॅन, भरली की सुटते. म्हणजे आपलीच काळी-पिवळी, फक्त रंग पांढरा. दाजी, ज्यानं एकोणिसाव्या वर्षी शहागंजात उभं राहून “देवगाव-कन्नड, देवगाव-कन्नड, एकच सीट, एकच सीट” ओरडत जीपा भरल्या, एका जीपमागं आठ आणे घेतले आणि त्याच पैशात कॉलेज केलं, त्याला शेअरच्या गाडीची वाट कुणी दाखवावी?

स्टँडवर कासाची गाडी उभी होती. इथं कासाब्लांकाला लाडानं कासा म्हणतात. आत सहा माणसं बसलेली. भाडं घेणाऱ्यानं भाडं घेतलं, माझी बॅग टपावर बांधली, मी सातवा बसलो. दोनच सीट बाकी. मी घड्याळ पाहिलं आणि मनात म्हटलं, साहेबराव, दुपारी बाराला कासा. इतक्यात माझ्या शेजारचा उठून चहाला गेला. मग मागचा गेला. मग एकेक करत पाच जण उतरले आणि समोरच्या हॉटेलात जाऊन गप्पा मारू लागले. दाजी, ती स्टँडचीच माणसं होती! गाडी भरल्यासारखी दिसावी म्हणून फुकट बसवलेली. आपण शहागंजात हेच करायचो. रिकाम्या जीपमध्ये दोन हमाल आणि केरबा पानवाला बसवायचो, केरबाच्या मांडीवर पिशवी द्यायचो, की बघणाऱ्याला वाटावं हा लांबच्या गावाला निघालाय. जगात कुठंही नकली पॅसेंजर मी वासावरून ओळखतो असं मी मुलांना सांगत आलोय. सहापैकी पाच मी ओळखले नाहीत. सहावा झोपला होता म्हणून खरा निघाला.

आठ वाजले, साडेआठ वाजले. भाडं घेणारा चहाला गेलेला. ड्रायव्हर कुठं आहे कुणाला माहीत नाही. ओरडणारा कुणी नाही. आणि समोरून पॅसेंजर नुसते वाहतायत! कासाचीच माणसं, चेहऱ्यावर लिहिलेलं असतं, पण त्यांना कुणी हाकच मारत नाही. माझ्यानं हे बघवेना. सुताराला वाकडी खुर्ची बघवत नाही तसं. मी खाली उतरलो. सफारीचं वरचं बटण सोडलं. आधी हळूच “कासा” म्हणून पाहिलं. एका पोत्यावाल्यानं मान वळवली. बस्स, सतरा वर्षं माझ्या छातीत कोंडलेला तो सूर असा काही सुटला म्हणता! “कासा-कासा-कासा-कासा! चला कासा, एकच सीट! ओ पोतेवाले, टाका वर! बसा की मावशी, खिडकी देतो!” सगळं मराठीतच. एकानं काही विचारलं नाही की हा काय बोलतोय. दाजी, ओरडण्याला भाषा नसते, सूर असतो आणि घाई असते. दोन शिपाई बसले. एक नवरा-बायको. पोतेवाला. चष्मेवाला मास्तर. मग एक बाई आली, वय अक्काएवढं, हातात तेलाचा डबा, श्वास लागलेला. मी तिचा डबा घेतला, तिला हात देऊन चढवलं, खिडकीशी बसवलं, दार लावलं. शेवटचा एक तरुण पळत आला, त्यालाही कोंबला. बारा मिनिटांत गाडी भरली! शहागंजातसुद्धा माझा हा आकडा नव्हता.

तेवढ्यात हॉटेलातून एक धिप्पाड गृहस्थ तोंड पुसत आला. तो ड्रायव्हर. त्यानं आत डोकं घालून मोजलं, नऊ. मग माझ्याकडं वळला, खुशीनं हसला, माझ्या पाठीवर थाप मारली, माझ्या तळहातावर पाच दिरहमचं नाणं ठेवलं आणि गाडी घेऊन गेला.

मी त्या नाण्याकडं बघत राहिलो. लई वेळ उमजलंच नाही. मग उमजलं की अक्काच्या वयाच्या त्या बाईला मी दिलेली खिडकी माझी होती. ओरडणारा कधी स्वतःला मोजत नसतो, दाजी. ही त्या धंद्याची सवय. तिनं मला एकोणिसाव्या वर्षी पोसलं आणि छत्तिसाव्या वर्षी रस्त्यावर ठेवलं. “ओ ड्रायव्हर, माझी बॅग!” म्हणून नव्या बुटांत पळालो. मागच्या काचेतून त्या बाईनं मोठ्या मायेनं हात हलवला.

वळून पाहतो तर मागं एक म्हातारा उभा. पांढरी दाढी, टोपीचा झगा, डोळे लाल. तो त्या स्टँडचा ओरडणारा, हमादी. नमाज पढून, नातीला शाळेत सोडून तो येईपर्यंत कुणी परक्या सफारीवाल्यानं त्याची गाडी भरून पाठवली होती! तो काय बोलला त्यातले मला तीनच शब्द कळले, पण उरलेले मी स्वतः शहागंजात वापरलेले आहेत. दुसऱ्याच्या पाळीत ओरडणाऱ्याची आम्ही कॉलर धरायचो. मी मान खाली घालून ते पाच दिरहम त्याच्या हातावर ठेवले. त्यानं ते खिशात टाकले, आणि मग बाकड्यावर बसून माझ्याकडं बघत बोट दाखवून म्हणाला (खुणेनं, पण स्वच्छ), “आता तूच ओरड.” आणि हाताची घडी घातली.

मी कशाला ओरडतोय? दुसरी गाडी लागली तसा आत जाऊन बसलो, दुसऱ्यांदा भाडं दिलं, दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला आणि तोंड मिटलं. हमादीही मिटून बसला. दोन ओरडणारे समोरासमोर, आणि गाडी रिकामी. साडेअकरापर्यंत चार पॅसेंजर आले, तेही चुकून. शेवटी मी खाली उतरलो, त्याच्याजवळ गेलो, हात जोडले आणि खिशातला फोटो दाखवला. तो मी सगळीकडं नेतो, निळ्या कोटातले बाबासाहेब. म्हटलं, इनके नाम का दिन है चाचा, मुझे घर जाना है. त्यानं फोटो निरखून पाहिला, परत दिला, नाक शिंकरलं, उभा राहिला आणि एकदाच ओरडला. नुसतं “कासा!” एवढंच. दहा मिनिटांत गाडी भरली. दाजी, मी त्याच्यापुढं काहीच नव्हतो.

पण व्हायचं ते झालं. वाटेत पाऊस, मग मेंढ्यांचा कळप, मग ड्रायव्हरच्या साडूचं गाव. विमानतळावर पोचलो तेव्हा विमान जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. बॅग मात्र कासाच्या स्टँडवर दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी मिळाली, वर चिठ्ठी अडकवलेली. हॉटेलवाल्यानं वाचून सांगितलं, “फेसच्या नव्या ओरडणाऱ्याची.”

काल चौदाला इथल्या दुपारी कारखान्यात फोन लावला. शेडमध्ये कामाला असलेल्या आशाबाईनं उचलला. मागं हलगी, फटाके, आणि पन्नास जण एकदम बोलत होते. “झालं व्हो, झालं!” म्हणून ती रडलीच. मग म्हणाली, “तुम्ही कुठवर आलात?”

“कासाला.”

“अजून? विमान बिघडलं का?”

“चुकलं. जीप चुकली.”

“तिकडं पण जीपाच हायेत? आन् तुम्ही तिथंबी ओरडलात ना? आवाज बसलाय तुमचा.”

तिनं फोन खिडकीबाहेर धरला. तीनशे किलोमीटर नाही, हजारो मैलांवरून मी ती हलगी ऐकली. बूथवाल्यानं पैसे मागितले तेव्हा कळलं की मी उभा राहून ऐकत होतो. नामांतर मागितलं आणि नामविस्तार मिळाला, मराठवाडा हे नाव आहे तसंच राहून पुढं बाबासाहेबांचं नाव आलं, हे मला ठाऊक आहे. तरी त्या हलगीत काही कमी ऐकू आलं नाही. ज्यांची घरं गेली, माणसं गेली, त्यांनीही ती ऐकली असती तर बरं झालं असतं.

थकलोय दाजी. पुढचं विमान एकोणीसचं, घरी यायला एकवीस उजाडेल. सुरतेचा एक कापडवाला उद्या मुंबईला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो. तो मुंबईहून औरंगाबादच्या लक्झरीवाल्याकडं देईल. अठराला तुमच्या हातात पडावं.

आपला मेहुणा,
साहेबराव

ता. क. बॅगेत तुमच्यासाठी चामड्याच्या सपाता आहेत, टोकदार, पिवळ्याजर्द. गावात घालू नका, घरात घाला.

ता. क. २. आता खरं काम. फोनवर आशाबाई म्हणाली की आपल्या मंडळाचे सेक्रेटरी कडुबा एकोणीस तारखेला बँड लावून विद्यापीठात जाणार आहेत, आणि मी येईपर्यंत थांबायला नको म्हणून माझी सोळा वर्षं न उचललेली पदवी माझ्या वतीनं खिडकीवर मागणार आहेत, अध्यक्ष म्हणून तुम्हाला पुढं घालून. मला चौदाच्या आत पोचायचं होतं ते गेटसाठी, हे खरं. पण कडुबाला असलं काही सुचायच्या आधी पोचायचं होतं, हेही खरं. फोनवर सांगता आलं नाही, फोनभोवती अर्धं मंडळ होतं. दाजी, काहीही करा, गुडघा दुखतोय म्हणा, पण त्या खिडकीपर्यंत बँड जाऊ देऊ नका. लाठी खरी आहे, अकरा दिवस खरे आहेत, सभेतलं वाक्यही खरं आहे. ते वाक्य बोललो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग मागं फिरायला जागा उरली नाही.

ता. क. ३. मार्च अठ्ठ्याहत्तरच्या परीक्षेत मला ऑडिटिंगमध्ये सतरा मार्क होते. पासाला पस्तीस लागतात.