सूर तात्यांचा, शब्द माझे

१० ऑगस्ट २०२५, सकाळ
व्होकोडर आला. छोटा डबा, चार बटणं. एका भोकात माइक, दुसऱ्यात वाद्य. आपण नुसतं बोलायचं. वाद्य ते शब्द स्वतःच्या सुरात गातं. म्हणजे सूर लागत नाही म्हणून सव्वीस वर्षं की-बोर्डवर बसवलेल्या माणसाला आता कोण अडवणार? संकल्प : ३१ तारखेला धारच्या गणेशोत्सवात आपल्या देवासच्या बँडतर्फे मी गाणार. बायकोला, शशीला, सांगितलं. तिनं विचारलं, परत करता येतो का?

१३ ऑगस्ट
रोज एक तास रियाज, ठरलं. आज जमलं नाही. आयुष ही वही चाळत बसला होता. चिरंजीवांची मराठी दुसऱ्या ओळीत दमते, त्यामुळे निर्धास्त आहे.

१७ ऑगस्ट
पहिली तालीम. ड्रमवाला अंकित म्हणाला, भिया, रोबोटला सर्दी झाली का? अडाणी! दोष की-बोर्डचा. सूरच पातळ त्याचा. जिवंत वाद्य पाहिजे. आपल्या बँडमधल्या तात्यांचं व्हायोलिन!

१९ ऑगस्ट
तात्यांकडे गेलो. वय चौऱ्याहत्तर, बोटं थरथरतात. यंदा शेवटचा कार्यक्रम, म्हणाले. मी म्हटलं, आता तुमचं व्हायोलिन बोलेल. ते म्हणाले, शरदराव, मग आजवर ते काय करत होतं? बराच वेळ व्हायोलिन पुसत बसले. मग हो म्हणाले. माझ्या उत्साहानं भारावले असावेत.

२४ ऑगस्ट
तालीम. ड्रमचा आवाज माझ्या माइकमध्ये घुसतो आणि दर ठोक्याला तात्यांचं व्हायोलिन भुंकतं. किरकोळ अडचण. आमची गायिका जान्हवी म्हणाली, काका, मी गाते ना. तिला भीती वाटते आहे माझी. समजू शकतो.

१ सप्टेंबर, सकाळ
काल धार जिंकलं! ड्रमचा त्रास नको म्हणून कानात कापूस घातला, डोळे मिटले आणि गायलो. पहिल्या कडव्याला थोडा हशा झालासा वाटला. मग सगळं एकदम शांत! पुढची दोन्ही कडवी जीव ओतून म्हटली. डोळे उघडले तर लोक उभे. पुढच्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत होत्या. तात्यांच्याही डोळ्यांत पाणी. मी त्यांना मिठी मारली, म्हटलं, जमलं की नाही? ते म्हणाले, जमलं हो, शरदराव.
सव्वीस वर्षांचा अन्याय संपला.

३ सप्टेंबर
आयुषनं व्हिडिओ दाखवला. पहिलं कडवं संपतं. तात्या वाकतात, डब्यातली आपली वायर उपटतात, जान्हवीचा माइक जवळ ओढतात. अंकित काठ्या खाली ठेवतो. मग नुसतं व्हायोलिन. वाद्य काढलं की डबा मुका होतो, हे आयुषनं समजावलं. मागे मी. तोंड हलतंय, हात हलतोय, आवाज शून्य.
तीनदा पाहिलं. दोनदा स्वतःला, तिसऱ्यांदा तात्यांना. असं त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं.
शशी म्हणाली, तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं गाणं.
संध्याकाळी बागलीच्या मंडळाचा फोन. तात्यांना पाठवा, म्हणाले, एकदा तरी. आणि ते मागे गाण्याची ॲक्टिंग करणारे काका, तेही येतील ना? पब्लिकला फार आवडले.
मी विचारलं, किती कडवी?