"आला" म्हणणारा माणूस

सोमवार, ३ मार्च

बेचाळीस डिटेक्टर. एकट्यानं! मान अवघडून गेली आहे.

कंपनी म्हणते, आता या कामाला दोन माणसं लागत नाहीत. खालचं आगीच्या अलार्मचं पॅनेल चाचणीवर ठेवायचं, काठीच्या टोकाला धुराचा स्प्रे लावून एकेका डिटेक्टरखाली धरायचा. धूर कळला की भोंगा एकदाच टुण् करतो. झालं काम. पण टुण् हे काय उत्तर आहे? बावीस वर्षं मी काठी धरली आणि खाली पॅनेलसमोर दादा बसला. मी वॉकीटॉकीवर म्हणायचो, "तिसरा मजला, सात नंबर." तो म्हणायचा, "आला." बस, एवढंच. कधी म्हणायचा, "नाही आला. परत धर, भोंग्या." मी मोठ्यानं बोलतो म्हणून लहानपणापासून त्याच्यासाठी मी भोंग्याच.

आज सवयीनं तीनदा तोंडातून निघालं — सात नंबर, आठ नंबर. जिन्यातली एक बाई थांबून बघायला लागली. मी खोकल्याचं नाटक केलं.

मंगळवार, ४ मार्च

पुढच्या आठवड्यात त्या आग लागलेल्या इमारतीत जायचंय. जुनं पॅनेल काढून नवं बसवायचं. साहेबांना म्हटलं, दुसऱ्या कोणाला पाठवा. म्हणाले, ते पॅनेल तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? खरंय. आम्हीच बसवलं होतं, दोघांनी.

गुरुवार, ६ मार्च

सकाळी चहा पिताना हिनं पुन्हा विषय काढला. म्हणे, फोन करा की भावाला.

मी का करू? आमच्या घरात बाबांचा एकच कायदा होता. कप फुटला, शाई सांडली, काहीही झालं तरी ते ओरडायचे नाहीत. नुसते म्हणायचे, "चूक ज्याची, त्यानं आधी बोलायचं." आणि वाट बघत बसायचे. मीही बसलोय — दोन वर्षं चार महिने! दादानं कंपनीला सांगितलं, सही माझी, चूक माझी. नोकरी सोडली. मला मात्र एक शब्द नाही. अरे, एकदा "चुकलो" म्हण. मी पुढचं वाक्य पूर्णसुद्धा होऊ देणार नाही. माफ करायला मी तयार बसलोय, असं हिला सांगितलं.

"बसलाय खरे," ही म्हणाली. "पण घरात."

हिच्या तोंडाला कोण लागणार.

रविवार, ९ मार्च

आज काही काम नसताना दोन स्टॉप पुढे उतरलो. दादाचं दुकान तिथं आहे. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. समोरच्या फुटपाथवर, उभ्या ट्रकच्या आड थांबलो, चोरासारखा.

त्यानं एक मोटर कानाशी धरली होती. डोळे मिटून ऐकत होता. केस पार पांढरे झालेत. आणि मनगटावर रबरबँड! अजून!

ते रबर म्हणजे दादाची पद्धत. चाचणीसाठी एखाद्या मजल्याचा झोन बंद केला की तो एक रबर मनगटात चढवायचा. झोन चालू केला की काढायचा. चार झोन बंद, तर चार रबरं. हात मोकळा झाल्याशिवाय घरी जायचं नाही. मी हसायचो. म्हणायचो, बायका बांगड्या मोजतात तसा रबरं मोजतोस. मला असलं काही लागत नाही, माझं डोकं शाबूत आहे.

म्हणून तर मला आजवर कळलेलं नाही. रबर असून तो विसरला कसा?

त्या दिवशी, ९ नोव्हेंबरला, तिसरा झोन बंदच राहिला. झोन बंद असल्याचं दाखवणारा पॅनेलवरचा पिवळा दिवा तर कधीचाच मेलेला. नवा मागवला होता, तो काही आला नाही. दादानं रजिस्टरवर लिहिलं, सर्व झोन चालू, आणि सही ठोकली. दुपारी तो आईच्या औषधासाठी तासभर बाहेर गेला होता, तोवर पॅनेलवर मी बसलो. त्या धावपळीतच विसरला असणार. तीन दिवसांनी तिसऱ्या मजल्याच्या पँट्रीत आग लागली. एकही भोंगा वाजला नाही. वॉचमनला वास आला म्हणून तो वर धावला, आतल्या मुलीला ओढून बाहेर काढलं. ती वाचली. त्याचा उजवा हात भाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मी दादाला नाही नाही ते बोललो. वॉचमनच्या बायकोसमोर. बावीस वर्षांचं नाव तू धुळीला मिळवलंस, म्हणालो. माझ्या हातून असं कधी झालं नसतं, म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं. मग स्वतःची वॉकीटॉकी माझ्या पिशवीत ठेवली आणि जिना उतरून गेला.

ट्रक निघून गेला तसा मी उघडा पडलो. पळालो. त्यानं पाहिलं की नाही, माहीत नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवार, ११ मार्च

गेलो. वॉचमन अजून तिथंच आहे! मला बघून खुर्ची पुढे केली, उजव्या हातानं. दोन बोटं अजून वळत नाहीत.

मी मान खाली घालून वायरी मोकळ्या करत होतो. तो आपलं बोलत होता. इमारतीत कोण गेलं, कोण आलं, लिफ्ट किती वेळा अडकली. मग म्हणाला, मोठे साहेब दर महिन्याला घरी येतात. बोटांचा व्यायाम करून घेतात, जाताना माझ्या बायकोचा मिक्सर बघून जातात.

मला हे काही माहीत नव्हतं.

"मी त्यांना एकदा म्हटलं, साहेब, विसरतो माणूस, किती दिवस मनाला लावून घेणार?" वॉचमन म्हणाला. "नुसते हसले. म्हणाले, धाकटा कसा आहे? अजून तसाच मोठ्यानं बोलतो का?"

मी पॅनेलच्या मागे गेलो आणि बराच वेळ एकच स्क्रू काढत राहिलो.

बुधवार, १२ मार्च

आठवण येते. लिहून टाकतो, इथं कोण वाचतंय! त्याच्या डब्यातली भाजी आधी मी संपवायचो आणि तो माझ्या डब्यातली पोळी तोडत बसायचा. शिडीवर चढलो की खालून म्हणायचा, पाय बघ, पाय. अजून चढताना मी थांबतो त्या शब्दासाठी. मग आपलाच पाय बघतो आणि चढतो.

गुरुवार, १३ मार्च

नवं पॅनेल बसलं. सगळे मजले तपासले. टुण्, टुण्, टुण्. पिवळा दिवा झकास लागतो.

जुनं भंगारात जाणार. त्याआधी त्याच्या पोटातल्या नोंदी छापून द्या, म्हणाले. कोणता झोन कधी बंद केला, कधी चालू केला, कोणाच्या कोडनं, सगळं त्यात साठतं. दादाचा कोड एक, माझा दोन. आगीनंतर त्या नोंदी काढायची कोणाला गरजच पडली नाही. दादानं आधीच कबूल केलं होतं ना.

कागदाची ही एवढी लांब पट्टी निघाली. ऑफिसला गेल्या वर्षाचंच हवं होतं, तेवढं फाडून दिलं. बाकीची गुंडाळी पिशवीत घातली. वॉचमन म्हणाला, काय हो, पगडी बांधणार का?

उद्या सकाळी बघतो.

शुक्रवार, १४ मार्च

९ नोव्हेंबर. ११:५५ — झोन ३ चालू, कोड १. म्हणजे दादानं चालू केला होता. १२:४० — झोन ३ बंद, कोड २.

कोड २.

सुतार! केसात भुसा. तिसऱ्यावर लाकूड घासतोय, धुळीनं उगाच भोंगा वाजेल, अर्धा तास बंद ठेवा, म्हणाला होता. मी बंद केला. दादा औषध घेऊन आला, मी उठलो, काठी घेतली. त्याला सांगितलंच नाही.

त्याखाली, १३ नोव्हेंबर. सकाळी ८:०५ — झोन ३ चालू, कोड १. ८:०७ — मागच्या नोंदी पाहिल्या, कोड १.

सकाळी आठ वाजून सात मिनिटांनी. मी त्याला हॉस्पिटलात बोललो ते दुपारी.

चूक ज्याची, त्यानं आधी बोलायचं. हिच्या डब्यातून एक रबर घेतलं, मनगटात घातलं. त्याची वॉकीटॉकी पिशवीत आहे. दुकान साडेनऊला उघडतं. निघालो.