अप्पांच्या तिथींची यादी

१९ सप्टें. ९९, रवि.
अप्पांचं पुन्हा तेच. दोन घरांची नावं एकमेकांत मिसळली. श्राद्धांचा महालय पक्ष आठवड्यावर आला. आमच्या दक्षिणेतल्या मराठी घरांत भटजींना बोलावणं धाडत नाहीत. तिथीला भटजी, म्हणजे अप्पा, आपणहून यजमानाच्या दारात. चाळीस वर्षं सगळं तोंडपाठ. म्हटलं, यादी मी करते. नाव, समोर तिथीचा आकडा. कॉम्प्युटरच्या क्लासात तेच तर शिकतेय.

२४, शुक्र.
झालं. मशीनला सॉर्ट, म्हणजे क्रमाने लाव, म्हटलं की एका ओळीत प्रतिपदा ते अमावास्या. नावांच्या जागी नुसते ०, १, २ आले, म्हणून नावं शेजारी पुन्हा टाइप केली, अप्पांनी सांगितली तशी वहीत उतरवली होती त्या क्रमाने. इंग्रजीत छापलं. अप्पा म्हणाले, "शरी, तूंच वाचून सांग."

२८, मंगळ. तृतीया.
पहिले दोन दिवस कोणाचंच नव्हतं. आज अप्पा सकाळीच तयार. "आज पापनाशमचे व्यंकटराव की नाही?" कागदावर तिरुवैयारूचे रामोजी, व्यंकटराव पंचमीला. म्हटलं, "अप्पा, मशीन विसरत नाही." त्यांनी तिरुवैयारूची बस धरली.
दुपारी परत. रामोजींकडची तिथी दशमी. त्यांची बायको अप्पांना म्हणे, "अण्णा, आज कसे आलांत?" तिकडे पापनाशमला स्वयंपाक करून वाट बघत...
व्यंकटरावांच्या वडिलांचं श्राद्ध राहिलं. माझ्यामुळे.

२९, बुध.
क्लासातल्या सरांनी मिनिटात दाखवलं. साधा सॉर्ट आकडे लावतो नि त्यांची नावं टाकून देतो. असॉर्ट हवा होता, त्यात ज्याची तिथी त्याच्याकडेच राहते. शहाणी मी. नवी यादी काढली. तृतीया, व्यंकटराव. तुम्हीच बरोबर होता, अप्पांना तीनदा सांगितलं. "असूं दे."

३०, गुरु.
पापनाशमला जाऊन पाया पडले. व्यंकटराव रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. अमावास्येला करूं म्हणाले. मग, "अण्णांनी कागदाचं कां ऐकलं?"


२ ऑक्टो., शनि.
यादी बिनचूक चाललीय. अप्पा आपणहून काही म्हणतच नाहीत. उठले की, "कागदांत काय आहे?"
आज कॉफी घेताना विचारलं, "माझ्या आईची तिथी कोणती गं?"
हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं. यादीत आहे. उद्याचीच आहे. मी कागद घडी करून ठेवला. म्हटलं, तुम्हीच सांगा.
कॉफी निवली. मी हे लिहितेय, ते अजून बोटं मोजताहेत.