वरातीची घोडी जंगलात

१७ डिसेंबर

आलो एकदाचे! बल्लारपूरहून टेम्पोत मागे आमची घोडी गुलनार आणि म्हातारा घोडा बादल, पुढे ड्रायव्हरजवळ मी आणि माझा नवरा जाहिद. धनुर्मास लागला की लग्नं बंद, पण वरातीच्या घोड्यांना पोट असतंच. म्हणून नागभीडकडच्या जंगलातल्या या पर्यटकांच्या तंबूंवर जाहिदने महिनाभराचं काम धरलं. पाहुण्यांच्या पोरांना पाठीवर बसवून तलावाभोवती फिरवायचं. मी कशाला? तर स्वयंपाकाला. वरातीत बायकांनी घोड्याला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. जंगलात मात्र चालतं!

१९ डिसेंबर

गुलनार खात नाही. कान सारखे नाल्याकडे. जाहिद म्हणतो, जागा नवी आहे. मला नाही पटत. ती शिंगरू होती तेव्हापासून मी तिला चारा घालते. नव्या जागेला ती अशी फुरफुरत नाही.

२० डिसेंबर

नाल्यात वाघाचे पंजे उमटलेत! वनरक्षक रंजीता आली, वाकून पाहिलं आणि सरळ म्हणाली, "घोडे इथी नका ठेवू बाई, गावात न्या."

तंबूंचे मालक प्रफुलभाऊ लगेच आडवे आले. पाहुण्यांसमोर हा विषय नको, शेकोटी मोठी करू. आणि जाहिद त्यांच्या बाजूने! घरी चला म्हटलं तर माझ्यावरच उखडला. गुलनारला काही झालं तर आमच्या घराची चूल कशी पेटणार, हे त्याला कळत नाही असं थोडंच आहे? मला भीती वाटते. त्याचा रागही येतो.

२१ डिसेंबर

जाहिदचं ताट वाढून ठेवलं आणि गुलनारजवळ जाऊन बसले. जेवलेही नाही.

२३ डिसेंबर

गावातल्या मुखरूभाऊंचं वासरू वाघाने नेलं. गावकरी डबे बडवत बांधावर धावले. आवाज इथपर्यंत आला, आणि गुलनार नाचायला लागली! मान वर, पाय तालात. पोरांनी टाळ्या पिटल्या, प्रफुलभाऊंनी मोबाईल काढला. बादल दोर ताणून मागे सरत होता, शहाणं जनावर तेच करेल. हिला आपणच शिकवलंय — ढोल वाजला की भ्यायचं नाही, त्याच्या मागे चालायचं. जाहिदला सांगितलं. म्हणाला, उगाच काहीतरी मनात घेतेस.

२५ डिसेंबर

घडलं तसं लिहिते.

सकाळी गावकरी ढोल, डबे, फटाके घेऊन निघाले, लाखोळीच्या शेतात बसलेल्या वाघाला जंगलात हाकलायला. रंजीता नको म्हणत होती, कोण ऐकतो! म्हणजे ढोल तिकडे, आम्ही इकडे, आणि वाघ मध्ये.

जाहिद गुलनारला पाण्यावर नेत होता. ढोल वाजला, तिने हिसका दिला आणि दोर सुटला. निघाली ढोलाकडे — धावत नाही, ऐटीत, वरातीत चालते तशी! जाहिद मागे पळाला. दोघंही झाडीत दिसेनासे झाले. मी ओरडले. फोनला रेंज नाही. प्रफुलभाऊ पाहुण्यांना गाडीत कोंबत होते.

मग मी मोठं पातेलं पालथं घातलं, झारा घेतला आणि वरातीचा ठेका धरला. मला कोणी शिकवलेला नाही, पण लग्नाच्या दिवसांत आमच्या गल्लीत दुसरं काय ऐकू येतं? रडत होते आणि बडवत होते. झारा वाकला.

गुलनार आली. घामाने भिजलेली, पण तालात पाय टाकत, थेट माझ्यापर्यंत. जाहिद नाही. मी हात थांबवला नाही. या अल्ला, याच आवाजावर तोही येऊ दे, एवढंच मनात.

आला. अनवाणी. नाल्याच्या काठावर वाघ बसलेला, गुलनार त्याच्याच रोखाने चाललेली, आणि तेवढ्यात ती माझ्या आवाजाला वळली — इतकं त्याने सांगितलं. झारा त्यानेच माझ्या मुठीतून सोडवला. गावात जाऊन फोन केला आणि संध्याकाळच्या आत टेम्पो बोलावला.

२६ डिसेंबर

घरी. गुलनारने पोटभर खाल्लं.

१७ जानेवारी

संक्रांत झाली, लग्नं सुरू. आज पहिली वरात, मागच्याच वस्तीत. मी घरी कणीक मळत बसले होते. लांब बँड सुरू झाला, आणि थोड्याच वेळात दारात टापा! पाहते तर गुलनार. अंगावर जरीची झूल, पाठीवर नवरदेव, त्याचा चेहरा पांढराफटक. लगामाला लोंबकळत जाहिद, मागून धावत आलेली अर्धी वरात आणि तापलेला मुलाचा मामा. ढोल वाजला की ही आता माझ्याकडे येते!

जाहिदने धापा टाकत माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "चाल, समोर हो. तुह्याबिगर ते हलून नाई राह्यली."

कणकेच्या हातांनीच लगाम धरला.